देवळाबाहेरचा बेलिफ

आमचे बेलिफ देवळात कधी जात नसत, पण पनवेलमधल्या निम्म्या भाविकांच्या चपला त्यांनी राखल्या होत्या. महाशिवरात्र असो की गोकुळाष्टमी, कचेरीतले आम्ही सगळे दर्शनाला निघालो की ते मुकाट्याने बरोबर येत, पायरीशी बैठक मारत आणि म्हणत, "काढा इथे." एकदा मी त्यांना म्हटलं, "इथवर येता, तर आत यायला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "आत देव आहे म्हणता ना? मग बाहेर चपला सांभाळायला माणूस का लागतो, तेवढं मला बघायचंय." आणि ते खरोखरच बघत बसत. चपला काढताना कोण शेजारच्या नव्या जोडाकडे नजर टाकतो, परत येताना कोण आधी चपला शोधतो आणि मग कळसाला हात जोडतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. मलाही त्यांनी एकदा त्यात पकडलं होतं, पण ते जाऊ दे.

ही पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. पनवेलला राहून आम्ही दोघे ज्या दिवाणी कोर्टात नोकरी करत होतो, त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा नक्कलनवीस होतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या भांडणांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारा. शिवाय बजावून परत आलेली समन्स नोंदवून घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, पेन्शन दोन वर्षांवर आलेली.

बेलिफाचं काम ऐकायला सोपं आहे. कोर्टाचा कागद ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. माणूस घरी भेटलाच नाही, तर साक्षीदारासमोर कागद त्याच्या दारावर डकवायचा, आपल्याकडच्या प्रतीच्या मागच्या बाजूला तसा शेरा लिहायचा आणि हे खरं आहे म्हणून सही करायची. निकाल देणारे मुन्सफसाहेब काही गावोगाव फिरत नाहीत, त्यामुळे बेलिफाने लिहिलं तेच कोर्ट खरं धरतं. हे ठाऊक असल्यामुळे पुष्कळ बेलिफ स्टँडजवळच्या हॉटेलात भजी खात बसून चार-चार गावांत कागद डकवून येत. आमचे बेलिफ मात्र चिखल तुडवत जात. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, सायकलच्या दांड्याला खळीचा डबा आणि हँडलला फिरकीचा तांब्या. कामावर असताना ते कोणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. सायकल चालेनाशी झाली की तीच खांद्यावर घेत. उरणकडच्या एका गावात तर पोरं त्यांना सायकलची पालखी वाहणारा म्हणत.

पण त्यांची खरी ख्याती होती ती त्यांच्या प्रश्नाची. कागद देऊन झाला की ते बिल्ला काढून खिशात घालत आणि समोरच्याला विचारत, "कोणी बघत नव्हतं, लबाडी सहज जमली असती, तरी तुम्ही केली नाही असं कधी झालंय का? झालं असेल तर का केली नाही?" बिल्ला काढायचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. बिल्ला दिसला की माणूस कोर्टाला देतो तसलं उत्तर देतो. उत्तरं ते लिहूनही घेत नसत. लिहून घेतो म्हटलं की माणसं एकदम थोर होतात, असं त्यांचं मत.

दुपारी डबा खाताना ती उत्तरं आम्हाला ऐकायला मिळत. करंज्याच्या बंदरावरची एक मासेवाली त्यांना म्हणाली होती, "टोपलीचे खालती शिलं मावरं लपवलं, त उद्या तू माझेकडं येशील काय?" बाजारातला बेकरीवाला म्हणाला होता, "अल्ला तर देखतोच साहेब, ईमान आहे आमचं. पण खरं बोलू? अल्लाच्या अगोदर अम्मी बघायची, आणि अम्मीचा हात जड होता." एक वकील म्हणाले, कायदा आहे म्हणून. त्यावर आमचे बेलिफ म्हणाले, "कायदा तर माझ्या पिशवीत असतो. तो मला काही करताना दिसला नाही." मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "पाप लागतं म्हणून." मी रोज आंघोळ करून गणपतीची पूजा करणारा माणूस, दुसरं काय सांगणार? ते अगदी भोळेपणाने म्हणाले, "कुठे लागतं?" मला राग आला. उत्तर सुचलं नाही म्हणून जास्तच आला.

"आणि तुम्ही स्वतः? तुम्ही का खोटं बोलत नाही?" मी उलट विचारलं.

"माझी अजून परीक्षाच झाली नाही," ते म्हणाले. "पेपर न देता पास झालो म्हणून मिरवायचं नसतं."

त्यांना नास्तिक म्हणणारे पुष्कळ होते, पण एखादा आपण नास्तिक असल्याचा झेंडा घेऊन त्यांच्याकडे आला की ते त्यालाही तसंच धारेवर धरत. धर्माला शिव्या घातलेल्या त्यांना मुळीच खपत नसत. बायको त्यांची उपासतापास करणारी, देवभोळी. तिच्या पूजेसाठी रोज सकाळी हे शेजारच्या परसातली जास्वंदीची फुलं विचारून आणत. विचारून, हे महत्त्वाचं. पनवेलमध्ये तेव्हा देवासाठी फूल विचारून आणणारे ते एकटेच असावेत. आम्ही बाकीचे भाविक कुंपणावरून हात घालत असू.

एकदा त्यांनी एक प्रयोग केला. आपली बरी असलेली छत्री एसटी स्टँडवरच्या खांबाला टांगून ठेवली आणि समोरच्या दुकानदाराला नुसती नजर ठेवायला सांगितलं. आठवडाभर छत्री तिथेच राहिली. मग त्यांनी खांबावर छत्रीच्या वर देवीची एक तसबीर लावली. तिसऱ्या दिवशी छत्री गेली. तसबिरीला मात्र कोणीतरी ताजा हार घातला होता. कचेरीत हसून हसून पुरेवाट झाली आणि एक उत्साही कारकून म्हणाला, "सिद्ध झालं, बेलिफराव. देव नसलेलाच बरा." हे लगेच गंभीर झाले. "एका छत्रीवरून काय सिद्ध होतंय? पहिल्या आठवड्यात ऊन होतं, दुसऱ्यात पाऊस होता. मला पुन्हा करून बघायला हवं." पण दुसरी छत्री द्यायला त्यांची बायको तयार होईना, त्यामुळे ते शास्त्र तिथेच थांबलं.

त्यांना सगळ्यात आवडलेलं उत्तर एका म्हाताऱ्या आगऱ्याचं होतं. मिठागराच्या बांधावरून दावा होता. समोरचा पक्ष म्हणाला, ह्याने देवळात बेल-भंडार उचलून बांध आपला म्हणून सांगावं, आम्ही दावा सोडतो. म्हातारा देवळापर्यंत गेला, बेलाच्या पानांकडे आणि हळदीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नाय. चार हात बांध माझा नाय." दावा हरला. आमचे बेलिफ कोर्टाच्या वतीने बरोबर गेले होते. परतताना त्यांनी बिल्ला काढून विचारलं, "बाबा, देव नसताच, तर उचललं असतं का?" म्हातारा पुढे चालत राहिला. आठ दिवसांनी पाच कोस चालत तो कचेरीत आला, खास उत्तर द्यायला. "मी लय इचार केला," तो म्हणाला. "देव नसता, त मंग बेल उचलून कोनी काय मानलं असतं? नुसता पाला त बकरी पन खाते." एवढं बोलून तो आल्या पावली परत गेला. बेलिफ महिनाभर त्या बकरीवर विचार करत होते. मला म्हणायचे, "माझा प्रश्नच वाकडा आहे हो. त्याने मला कचेरीत येऊन दाखवून दिलं."

आता ती परीक्षा, जी त्यांची अजून झाली नव्हती.

भात पोटरीला आलं होतं, सगळ्या पनवेलला हिवताप झाला होता. एका बुधवारी दुपारी मी त्यांना कोयनेलच्या गोळ्या द्यायला घरी गेलो. दोन घोंगड्यांखाली ते कुडकुडत होते, दात वाजत होते, आणि मला म्हणत होते की कोयनेल कडू असतं म्हणून गुणकारी वाटतं की गुणकारी असतं म्हणून कडू, हे एकदा बघायला हवं. मी अर्धा तास बसलो आणि निघालो.

सोमवारी ते कामावर आले आणि त्यांनी बजावलेली समन्स माझ्यापुढे ठेवली. त्यात खाडीकाठच्या एका गावातल्या बाईचं समन्स होतं. मागे शेरा होता, बुधवारी दुपारी स्वतः गावी जाऊन, बाई घरी नसल्याने, गावच्या पोलीस पाटलासमोर दारावर डकवलं. खाली त्यांची सही, पाटलाची सही. मी तारीख दोनदा वाचली. बुधवारी दुपारी हा माणूस माझ्यासमोर घोंगडीखाली होता. मी मान वर केली, ते खिडकीबाहेर बघत होते. मी नोंद केली आणि समन्स फायलीला लावलं. आजारी माणसाला सांभाळून घेतलं, थोडं पुण्यच पदरात पडलं, असंही मला वाटलं.

झालं होतं ते असं. ती बाई विधवा, मिठागराच्या बांधांच्या डागडुजीवर कामाला जाणारी, पहाटे घर सोडायची ती दिवस मावळल्यावर यायची. हे तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा दाराला सुंभाची गाठ. चौथी खेप बुधवारी करायची होती आणि अंगात ताप. नेमका त्या दिवशी गावचा पाटील बाजारासाठी पनवेलला आला होता, तो सकाळी ह्यांच्या घरी डोकावला. तो म्हणाला, "द्या हिकडं, मी डकवतो जाऊन. तुमी पडून ऱ्हावा." ह्यांनी कागद दिला, पडल्या पडल्या आपल्या प्रतीवर शेरा लिहिला, पाटलाने सही केली. पाटलाने तो कागद कुठे घातला, ते त्याचं त्याला ठाऊक.

दावा तिच्या चुलत दिराने लावला होता. घर आपलं आहे, बाईने निघून जावं, असा. तारखेला बाई आली नाही. येणार कुठून? एकतर्फी निकाल झाला, आणि तीन महिन्यांनी तिला घराबाहेर काढून कब्जा द्यायचं वॉरंट निघालं. ते बजावायला आमच्या बेलिफांनाच जावं लागलं.

त्या दिवशी ती घरी होती, ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. वॉरंट वाचून दाखवल्यावर म्हणाली, "कसला दावा? कवाचा?" हे म्हणाले, समन्स दारावर डकवलं होतं. ती उठली नाही. नुसतं म्हणाली, "दार बग." ह्यांनी दारावर हात फिरवून पाहिला. तीस वर्षं दारांवर कागद डकवणारा माणूस. खळीचा डाग एक पावसाळा गेला तरी जात नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? फळी कोरडी, स्वच्छ होती. ते वॉरंट न बजावता परत आले.

कचेरीत येऊन त्यांनी सगळं नाझरसाहेबांना सांगितलं. नाझर म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वरचा अधिकारी. कपाळावर गंध, जिभेवर साखर, आणि मनानेही खरोखर चांगला माणूस. मी शेजारच्याच टेबलावर होतो. नाझरसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बेलिफराव, ताप होता, माणसाच्या हातून होतं. सोमवारी देवाला अभिषेक करा. त्या बाईचा वकील काय ते बघेल. तुम्ही तोंड उघडलंत तर दोन वर्षांवर आलेली पेन्शन घालवाल."

"तुमची सोय आहे, नाझरसाहेब," बेलिफ म्हणाले. "अपराध बाईचा केला तरी माफी देवाकडे मागता येते. मला तशी सोय नाही. मला तिच्याकडेच जावं लागणार."

हा टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा पाहिला, त्यात हेवा होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बुधवारी मी घरी आलो होतो हे त्यांना आठवत होतं, आणि मला आठवत आहे हेही त्यांना कळत होतं. मी नक्कल उतरवण्यात बुडून गेलो.

बायकोला त्यांनी पेन्शनचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी रोज देवापुढे बसते ती काय पेन्शन मागायला?" एवढंच बोलून ती भाकऱ्या थापायला लागली. हे मला सांगून ते म्हणाले, "पाहिलंत? तिला विचारच करावा लागला नाही. मला रात्रभर लागला. ह्याचं काय करायचं?" त्यांना तेव्हाही ह्यातलं कोडंच दिसत होतं. मला मात्र माझी नोकरी दिसत होती.

ते बाईकडे गेले आणि त्यांनी झालं ते सांगितलं, वकील गाठून दिला, मी साक्ष देतो म्हणाले. माफीचंही बोलले. ती म्हणाली, "आदी घर वाचव. माफीचं मंग बगू."

एकतर्फी निकाल रद्द करावा म्हणून बाईने केलेल्या अर्जाची सुनावणी झाली तेव्हा कोर्ट भरलं होतं. बेलिफच आपला शेरा खोटा म्हणतोय, असं पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. आधी पाटील पिंजऱ्यात आला. ईश्वराला स्मरून त्याने सांगितलं की बेलिफ बुधवारी गावी आले होते आणि आपल्यासमोर त्यांनी कागद डकवला. बिचाऱ्याला स्वतःची सही निस्तरायची होती. मग हे उभे राहिले. त्यांनी ईश्वराचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा केली. दिराच्या वकिलाने ते बरोबर पकडलं.

"तुम्ही देव मानत नाही. मग खोटं बोलायला तुम्हाला भीती कोणाची?"

"वकीलसाहेब, हेच मी तीस वर्षं लोकांना विचारतोय. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

कोर्टात हशा झाला. वकील मुरलेला होता, त्याने हशा ओसरू दिला. "शेरा खोटा लिहिलात की आता खोटं बोलताय?"

"शेरा खोटा लिहिला."

"म्हणजे सही करून खोटं लिहिता तुम्ही. आणि आता बाईने काय दिलं म्हणून बोलताय?"

एका बाजूला सहीचा कागद आणि पाटील, दुसऱ्या बाजूला स्वतःला खोटारडा म्हणवणारा माणूस. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "बुधवारी तुम्ही घरी होता, हे कोणी पाहिलं?"

"बायकोने."

"बायको सोडून?"

"एक जण आला होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, साहेब. त्याचं खरं त्याने सांगावं."

मी कोर्टातच बसलो होतो, बारा हातांवर. उभा राहिलो असतो, तर बुधवारचं कळून-सवरून मी सोमवारी नोंद कशी केली, हा प्रश्न पहिला आला असता. घरी म्हातारी आई, सहा महिन्यांपूर्वी झालेलं लग्न. मी टाक पुसत राहिलो. मुन्सफसाहेबांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

बाहेर चिंचेखाली त्या बाईने बेलिफांना गाठलं. मी खिडकीतून ऐकत होतो. तिचा आवाज चढला नव्हता. "नाव कशापायी नाय सांगत?"

ते म्हणाले, "बाई, दुसऱ्याचं खरं आपण सांगितलं की ती चुगली होते. ज्याचं त्याने बोलावं, तरच..."

"तुझं तत्त्व तू घरा ठेव," ती म्हणाली. "माझे घराची कौलं काय तुझे तत्त्वावर बसवलीत? तू चांगला ऱ्हावास म्हनून मी रस्त्यावर जाऊ?"

लोकांना तीस वर्षं प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच असं निरुत्तर झालेलं पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला ते माझ्या बिऱ्हाडी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ती बाई बरोबर बोलली," ते म्हणाले. "मी माझा चांगुलपणा जपत होतो, तिच्या खर्चाने. पुढच्या तारखेला मी तुमचं नाव सांगणार. आधी येऊन सांगतोय एवढ्यासाठी, की तुम्हाला स्वतः बोलायचं असेल तर तुमच्या हातात आठ दिवस आहेत."

त्या आठ दिवसांत मी पूजेला दुप्पट वेळ लावला. नाझरसाहेबांनी बेलिफांना सुचवलेला अभिषेक मी केला. रजा टाकून गावी जावं असंही मनात आलं, अर्जसुद्धा लिहिला. आठवा दिवस उजाडला तेव्हा माझं काहीच ठरलेलं नव्हतं. बेलिफ पिंजऱ्यात गेले. मुन्सफसाहेब म्हणाले, नाव सांगता की कोर्टाचा अवमान समजू? हे म्हणाले, सांगतो. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली घेतली. एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चष्मा डोळ्यांवर ठेवून त्यांनी तोंड उघडलं, आणि मी उभा राहिलो.

मी सगळं सांगितलं, गोळ्या, घोंगड्या, सोमवारची नोंद. एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पुन्हा चालला आणि बाईचं घर बाईकडे राहिलं. बेलिफांना नोकरीतून काढलं, पेन्शन गेली. मला काय झालं? मला नुसती ताकीद मिळाली. कारण मुन्सफसाहेबांनी निकालात लिहिलं होतं की कोर्टाचा एक तरुण कारकून स्वतःची नोकरी धोक्यात घालून, कोणीही भाग न पाडता, स्वतःहून पुढे आला. नक्कलनवीस मीच. ह्या निकालाच्या तीन नकला मी माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या, "स्वतःहून" हा शब्द तिन्ही वेळा. पुढे माझी बढती झाली तेव्हा त्या वाक्याचा उल्लेख झाला. लोक मला खऱ्या बोलीचा माणूस म्हणायला लागले. सासरे चारचौघांत सांगायचे. संध्याकाळच्या त्या भेटीबद्दल मी कोणाला सांगितलं नाही, आणि बेलिफांनीही नाही.

ते मेहुण्याच्या भाताच्या गिरणीत दारावर बसायला लागले. भात घेऊन गावोगावचे लोक येत, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाची चंगळ झाली. ती बाईही तिथेच भात भरडायला आणायची. "माफ केलंस का?" ते विचारायचे. "इचार चालू हाय," ती म्हणायची. हे असं पाच-सहा वर्षं चाललं होतं.

एकदा मी गिरणीवरून जाताना त्यांनी मला थांबवलं. अंगभर कोंडा, भुवयांवरसुद्धा. म्हणाले, "एक विचारू? तुमच्याकडे त्या संध्याकाळी यायला नको होतं मी. माझ्यामुळे सगळं गढूळ झालं. मी आधी सांगितलं नसतं, तरी तुम्ही उठला असता का? तेव्हापासून डोक्यात आहे. इतक्या माणसांना विचारलं, पण सगळी आठवून आठवून सांगतात. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं असं हे एकच."

मला उत्तर पक्कं माहीत होतं. मी उठलो नसतो. नाव येणारच आहे तर आपण आधी बोललेलं बरं, एवढाच व्यवहार मी त्या दिवशी केला होता. आणि हा एक माणूस असा होता की त्याला हे सांगितलं असतं तर तो रागावला नसता, उलट खूश होऊन आणखी चार प्रश्न विचारत बसला असता. त्यांनी ज्या तऱ्हेने माझ्याकडे पाहिलं, त्याने मला धीर यायला हवा होता.

"उठणारच होतो," मी म्हटलं.

त्यांच्या कोंड्याने भरलेल्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी विसरू शकलेलो नाही. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत हो. जन्मभर त्या एका प्रश्नाने ह्यांना स्वस्थता नव्हती. तुमच्याशी बोलून आले त्या दिवसापासून त्यांनी तो कोणाला विचारला नाही. म्हणायचे, मिळालं मला." मी मान खाली घातली. जमलेल्यांना वाटलं, मला रडू येतंय.